सात कोण म्हणालं?

भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भातसानगरच्या कॉलनीत बावीस वर्षं काढली. धरणाच्या पाण्याची पातळी बघायची आणि रजिस्टरला लिहायची, हे माझं काम. कॉलनीत कुणी धरणाच्या भिंतीवर दिसणाऱ्या बाईची गोष्ट सुरू केली की मी विचारायचो, किती वाजता दिसली, किती अंतरावरून? गोष्ट तिथेच बंद पडायची. लोक मला खडूस म्हणायचे. असेन.

तरी हे लिहितोय... दीपकला विचारून लिहितोय. दीपक म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा एकुलता एक भाऊ, राहणार किन्हवली. तो म्हणाला, "लिवा भावजी. पण तुमचा भाग पण लिवा."

साल १९९८, श्रावणातला रविवार. दर वर्षी कॉलनीतले आम्ही काही जण जीप करून एखादी डोंगरवाट धरायचो. त्या वर्षी वैशाखऱ्यापुढून नाणेघाट ठरला. दीपक तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच साखरपुडा झालेला. त्याला बरोबर घेतलं तेव्हा बायको दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "त्याला नीट परत आणा हं." सासूबाईंना दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, आजपर्यंत माझा आकडा कधी चुकलाय का?

आकड्याची भानगड अशी. प्रत्येकाला नंबर दिलेला. मी सगळ्यांत शेवटी चालायचो आणि अधूनमधून थांबवून ओरडायचो, "मोजा!" पुढून एक, दोन, तीन करत आकडा मागे यायचा आणि शेवटी मी "अकरा" म्हणायचो. मग खिशातल्या डायरीत वेळ आणि आकडा. ही पद्धत माझीच, आणि मला तिचा भलताच अभिमान. दीपकचा नंबर सात. त्याच्या पुढे सहा नंबरला शाळेतले पाटील सर.

वाट दाखवायला वैशाखऱ्याचा गोमादादा होता. साठीचा माणूस, डोंगराखालच्या वाडीत शेरडं राखणारा. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा, आमच्या मोजणीत नव्हता. सकाळी आमचा प्रकार बघून तो हसला. "आमी शेरडं हात लावून मोजतो, सायेब. आवाजाचा काय भरवसा?" मी म्हटलं, आम्ही शेरडं नाही. सगळे हसले, दीपक जरा जास्तच.

चढताना काही त्रास झाला नाही. वरच्या गुहेत भाकरी, ठेचा खाल्ला. साडेबाराला उतरायला लागलो आणि धुकं आलं. असं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे आकडा आहे.

डायरी अजून माझ्याकडे आहे. बारा चाळीस, कातळातल्या पाण्याच्या टाक्यांच्या खाली – अकरा. एक पाच – अकरा. एक तीस – अकरा. एक पन्नास – अकरा. दोन पंधरा – अकरा.

प्रत्येक वेळी सात आलं. दीपकच्याच आवाजात, त्याच्या सवयीप्रमाणे जरा लांबवून... "साऽत". दोन पंधराला थोडं उशिरा आलं, म्हणून मी मागून विचारलं, काय रे, पाय दुखतोय का? उत्तर नाही. क्षणभराने पुन्हा "साऽत". पोरं हसली, दीपक चेष्टा करतोय म्हणून. मीही हसलो.

पायथ्याशी धुकं संपलं. दोन पन्नासला जीपपाशी सवयीने म्हटलं, मोजा. सहापर्यंत आलं आणि थांबलं. मी मान वर केली. दहाच माणसं उभी होती.

पाटील सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणत राहिले, अहो माझ्या मागेच होता, पावलं ऐकू येत होती. आठ नंबरवाल्याने दोन तास स्वतःच्या पायांशिवाय काही पाहिलंच नव्हतं. मी डायरी उघडून उभा होतो. पाच ओळी, पाच अकरा. काय करावं ते खरंच सुचेना. बायकोचं वाक्य तेवढं डोक्यात फिरत होतं.

गोमादादा, मी आणि दोन तरणी पोरं परत वर निघालो. हाका मारून घसा बसला. टाक्यांच्या अलीकडे पोचायला पावणेपाच झाले. धुकं तसंच. आणि तिथे वाटेच्या खालच्या अंगाने, कारवीच्या झुडपांतून आवाज आला. "साऽत... साऽत..."

आता माझा भाग. तो आवाज ऐकला आणि मी जागच्या जागी थांबलो. पुढे गेलो नाही. दीपकचा आवाज होता, मदत मागत होता, वीस पावलांवर. आणि माझा पाय उचलेना. दुपारभर मी त्याच आवाजावर विश्वास ठेवला होता ना! पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी गोमादादाच कारवी धरून खाली उतरला. काही वेळाने त्याची हाक आली, "हात लावला मी. माणूसच हाय. या खाली."

घोटा मोडला होता. शुद्धीवर होता. चादरीची झोळी करून उतरवताना त्याने सांगितलं ते असं. बारा चाळीसची मोजणी झाल्यावर तो लघवीला वाटेच्या बाजूला झाला. न सांगता कुणी वाट सोडायची नाही हा माझाच नियम, पण भावजींना हे काय सांगायचं, म्हणून लाजला. पाय घसरला आणि तो खाली गेला. अंगातला जीव गेल्यासारखा पडून होता, तोवर आम्ही पुढे निघून गेलो.

"मंग तुमचं 'मोजा' आलं. अगदी जवळून. म्हटलं, साताची पाळी आली का वरडतो. सहा झालं, तोंड उघडलं... आन सात आलं. माजाच आवाज, भावजी. माज्या तोंडातून नाय. मंग माजा आवाजच फुटंना."

किती वेळा ऐकलंस, मी विचारलं.

"चार वेळा. पाचव्या वेळेला सात कोणीच बोललं नाय. मंग माजा आवाज फुटला. तवापासून वरडतोय."

एक पाचपासून धरलं तर पाचवी मोजणी पायथ्याची, जीपपाशी. तिथून तो दोन तासांच्या वाटेवर पडलेला होता. आणि किती वेळा मोजलं हे आम्ही कुणीही त्याला सांगितलं नव्हतं.

खाली पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मुरबाडच्या दवाखान्याकडे निघण्याआधी गोमादादाने न बोलता एकेकाच्या खांद्याला हात लावला. अकरा झाले तेव्हा तो घरी गेला.

दहा वर्षं झाली याला. प्रतिध्वनी म्हणावा तर मुळात बोललं कोण? कुणी चेष्टा केली म्हणावी, तर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं मी, पाटील सरांना तर दोनदा. सगळ्यांनी मुलाबाळांची शपथ घेतली. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. डायरी आहे, त्यात पाच वेळा अकरा लिहिलंय, माझ्या अक्षरात.

दीपकचं लग्न झालं, दोन मुली आहेत, जरा लंगडतो. गणपतीला घरी येतो. पहिली काही वर्षं तो दारातून "भावजी" म्हणून हाक मारायचा आणि मी आतल्या खोलीत तसाच बसून राहायचो. बायको येऊन त्याला आत घ्यायची, त्याचं तोंड दिसायचं, मगच मी ये रे म्हणायचो. भावाला दारात ताटकळत ठेवता म्हणून बायको चिडायची. कारवीपाशी मी थांबलो होतो हे त्याला पोरांकडून कळलं होतं, पण त्याने तिला कधी काही सांगितलं नाही.

हल्ली तो हाक मारत नाही. चपला काढतो, सरळ आत येतो आणि आधी माझ्या खांद्यावर हात ठेवतो.