हाक होऊन गेल्यावर

ऑफिसात तिला सगळे 'आत्या' म्हणत. पोरांच्या चुका ती आत्याबाईसारख्याच वेचून काढायची आणि मग स्वतःच्या डब्यातलं खायलाही घालायची. तिकीट-आरक्षणाच्या त्यांच्या प्रोग्राममध्ये एकाच वेळी शेकडो कामं चालत. त्या एकेका कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात. थ्रेड जन्मतो, धावतो, अडला की झोपून वाट बघतो, हाक आली की उठतो आणि काम उरकून मरतो. कुठला थ्रेड का उठला नाही, हे शोधण्यात आत्याची उमेदीची वर्षं गेली.

"थ्रेडला झोपवण्याआधी विचारून घ्या रे, तो ज्याची वाट बघणार ते काम आधीच झालंय का," ती नव्या पोरांना दटावायची. "हाक होऊन गेल्यावर झोपला तर तो जन्मभर झोपेल. दुसरी हाक कुणी मारत नाही!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

बाबांनी लेथचा कारखाना उभा केला तो दोन्ही मुलांसाठी. ती तो सोडून नोकरीला आली, तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. दादा म्हणाला, "राग निवळला की मी फोन करतो. तोवर तू करू नकोस, उगाच आगीत तेल." ती थांबली. ताठाही होताच, लेक कुणाची! कधीमधी बाबांचा नंबर काढायची, बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

सर्व्हरच्या खोलीत मोबाईल नेता येत नसे. एकदा ती तिथून बाहेर आली, तर अनोळखी नंबरावरून फोन येऊन गेलेला. कुठल्यातरी बँकेचा असेल, म्हणून तिने तो पुसून टाकला.

त्यानंतर दादाचा फोन आला तो बाबा गेल्याचा.

ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. "मधे एकदा केला होता गं, कामगाराच्या मोबाईलवरून," दादा म्हणाला. "माझा तेलात पडला होता. बाबाच म्हणाले, तिला ये म्हणावं. तू उलटून केला नाहीस. मला वाटलं, तुझाच राग गेला नाही."

"मग परत का नाही केलास?"

"बाबा म्हणाले, आता तिला वाटेल तेव्हा येईल. आपण वाट बघू."

तिच्या पलंगावर धुतलेली चादर होती. बाबा स्वतः बदलायचे, वहिनीने सांगितलं. आत्या दारातच उभी राहून ढसाढसा रडली.

ऑफिसात परतल्यावर नव्या मुलीने विचारलं, "आत्या, मेलेला थ्रेड परत सुरू करता येतो?"

"नाही गं," ती म्हणाली. मग उठून जिन्यात गेली आणि तिने दादाला फोन लावला.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. नुसतं कसा आहेस विचारायला केला."

हा फोन बाबा असताना करायचा होता. दोघांपैकी कुणीच तो ठेवेना.