दादाच्या बोटीचं वायरिंग

साताऱ्याच्या माणसाकडं शिडाची बोट आहे म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, समुद्र कुठाय तुमच्यात? समुद्र नाही, पण बामणोलीला कोयनेचं पाणी आहे आणि आमचा दादा नौदलातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेला आहे. एवढं त्याला पुरलं. आयुष्याची शिल्लक लोकांनी फ्लॅटमध्ये घातली, यानं बोटीत घातली. एकवीस फुटी, एका खोलीची, आत झोपायला दोन फळ्या. बांधणाऱ्यानं नुसता सांगाडा दिला होता, आतलं वायरिंग सगळं दादानं स्वतः केलं. काठावरच्या खानावळीतून जाड वायर बोटीपर्यंत आणायची, पिन लावायची, की आत दिवा, पंखा, बॅटरीचं चार्जिंग, सगळं चालू.

मी सांगलीत शाळेत भूगोल शिकवतो. कोयना नकाशावर डोळे मिटून दाखवीन, पण विजेच्या बाबतीत घरात माझी ख्याती वेगळी आहे. माझ्याच वास्तुशांतीला मी हौसेनं दिव्यांची माळ लावली आणि अख्ख्या गल्लीची लाईट घालवली. भटजींनी उरलेला होम मोबाईलच्या उजेडात उरकला. तेव्हापासून मी स्क्रूड्रायवर हातात घेतला की बायको फ्रीजचं बटण बंद करून ठेवते.

गेल्या वर्षी दादा फारच विसरायला लागला म्हणून त्याला मिरजेला दाखवलं. तो आमच्याकडंच उतरला होता. डॉक्टरांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं, आणि ज्या माणसानं जहाजाच्या पोटातल्या हजारो वायरी नकाशावर बसवल्या त्यानं बाराही आकडे एकाच बाजूला काढले. त्यानंतर एकेक गोष्ट त्याच्या हातातून गेली. स्कूटरची किल्ली गेली. गॅसला हात लावायचा नाही. बँकेत एकट्यानं जायचं नाही. तो मुकाट्यानं देत गेला. एकच गोष्ट तो कुणालाही सांगायचा, दुधवाल्यालासुद्धा: "बोटीचं वायरिंग मी केलंय. एक टाका चुकलेला नाही." आम्ही सगळे मान डोलवायचो, कारण ते खरं होतं.

मग खानावळवाल्यानं त्याच्याकडचं जुनं फ्यूजतारेचं काम काढून नवीन बोर्ड बसवला. त्यात करंट कुठं गळला की खट्कन पडणारा स्विच होता, वायरमन लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात तो. आणि बोटीची पिन घातली की तो पडायचा. खानावळवाल्याचा मला फोन आला. "आवं सर, तुमची पिन घातली की आमचं समदं बंद हुतंय. दोनदा दूध नासलं. बघा काय हाय ते, न्हाईतर मी वायर काढून ठेवतो."

वायर काढली की बोट बंद, आणि बोट बंद म्हणजे दादाचा बोटीवरचा रविवार बंद. साताऱ्याहून निघताना वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आली. दादा गाडीत बसला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "भावजी, बिघाड कुठलाही निघू दे. ह्यांच्या हातून झालाय असं तेवढं म्हणू नका. तेवढंच उरलंय त्यांच्याकडं."

त्यांच्या हातून कसा होईल, असं मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

बामणोलीला पोचल्यावर दादा एकदम वीस वर्षांनी लहान झाला. बोटीत पाय टाकताच वाकून दोरीची गाठ तपासली. मला पॅनेलसमोर बसवलं आणि स्वतः फळीवर बसून हुकूम सोडायला लागला. आधी बोटीकडची पिन काढ आणि नुसती वायर चालू कर. केली. स्विच पडला नाही. म्हणजे वायर चांगली. आता बोट जोड, नुसता पंखा लाव. पडला. पंखा बंद, दिवा लाव. पडला. चार्जर लाव. पडला. दर वेळी मी बोटीतून उतरून, चिखल तुडवत खानावळीपर्यंत जायचो आणि स्विच वर करून यायचो. चौथ्या फेरीला खानावळवाल्यानं माझ्यासाठी एक खुर्चीच बोर्डाखाली आणून ठेवली.

"आधी वायर काढून बघितलीस का?" दादानं विचारलं.

बघितली, म्हणालो. थोड्या वेळानं त्यानं तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खरंच परत पिन काढली, चिखलातून गेलो, आलो आणि सांगितलं, वायर चांगली आहे. तो समाधानानं म्हणाला, बघ, असं पायरीपायरीनं जायचं असतं.

आणि त्याच दमात, मध्ये काहीच झालं नसल्यासारखं, म्हणाला, "कुठलाही एक लावला तरी पडतो ना? मग लाल वायरींचा नाद सोड. गडबड काळ्यात आहे, करंट परत जातो त्या वायरींत. काळ्या एकेक करून सोडव."

मिरजेच्या त्या डॉक्टरांना तिथं आणून उभं करावंसं मला वाटलं.

मी पिन काढायची, पट्टीवरची एक काळी वायर सोडवायची, पिन लावायची, पंखा सुरू करायचा. असं करत चौथी काळी सोडवली आणि पंखा फिरायला लागला. फिरतच राहिला. खानावळीतून आवाज आला, ऱ्हायला, ऱ्हायला! ती वायर बोटीतल्या चहाच्या किटलीच्या सॉकेटकडं जात होती. दादाला दम लागला होता. खानावळवाला त्याला हाताला धरून चहाला घेऊन गेला. मी पिन काढून ते सॉकेट उघडलं.

दादाची नौदलातली सवय होती. प्रत्येक वायरीला एक पांढरा टॅग, त्यावर काम आणि खाली तारीख, सगळं त्याच्या टपोऱ्या अक्षरात. आत तीन वायरी होत्या. लाल आपल्या जागी. हिरवी अर्थिंगच्या स्क्रूखाली. आणि काळीही त्याच स्क्रूखाली, हिरवीबरोबर आवळलेली. काळीची जागा रिकामी. हिरवीच्या टॅगवर लिहिलं होतं अर्थिंग. काळीच्या टॅगवरही लिहिलं होतं अर्थिंग.

ते सॉकेट कधी चाललंच नव्हतं. ते बसवल्यावर दादानं दोन किटल्या बदलल्या होत्या आणि आम्ही मिळून हल्लीच्या मालाला शिव्या दिल्या होत्या.

तारीख बघितली. मिरजेला दाखवलं त्याच्या आदलं वर्ष, गणपतीतला दिवस. तो दिवस मला आठवला, कारण त्या संध्याकाळी दादाचा फोन आला होता. म्हणाला, जरा येऊन एकदा वायरिंग बघून जाशील का, मला नीट लागत नाहीये. मी पोट धरून हसलो. बायकोला हाक मारून सांगितलं, नौदलाचा इलेक्ट्रिशियन मला वायरिंग बघायला बोलावतोय, ऐक. तोही हसला. जन्मात त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आरतीचं ताट तयार होतं, मी फोन ठेवला. गेलो नाही. परत विचारलंही नाही.

मी काळी वायर तिच्या जागेवर लावली. टॅग काढून खिशात टाकला. दादा परत आला तेव्हा पंखा, दिवा, चार्जर, सगळं एकदम चालू होतं.

"काय होतं?"

मी सांगितलं, माझंच काम. उन्हाळ्यात तू झोपला होतास तेव्हा किटली चालत नाही म्हणून मी सॉकेट उघडलं होतं. काळी हिरवीत लावली असणार.

त्यानं लगेच विश्वास ठेवला. माझ्या ख्यातीचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला. मग त्यानं मला झापलं. गाढवा, काळी आणि हिरवी बोटीत एकत्र येता कामा नयेत, त्यांची गाठ काठावर पडते, बोटीत पडली आणि तिकडं काठावरची काळी तुटली, तर करंट बोटीच्या लोखंडात येतो, तिथून पाण्यात. एकही शब्द अडला नाही. कित्येक महिन्यांत तो इतकं सलग बोलला नव्हता. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून, दादा, अजून झाप.

बोलता बोलता तो सॉकेटपाशी वाकला.

"काळीचा टॅग कुठाय?"

पडला असेल, मी म्हणालो.

"माझे टॅग पडत नाहीत." त्यानं हात पुढं केला.

मुलांचं खोटं मी तीस वर्षं पकडत आलो. स्वतःला मात्र बोलायला जमत नाही. मी टॅग दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. पलीकडं काठावर गावातली चारपाच पोरं पाण्यात उड्या मारत होती. तो टॅग हातात तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिला.

"दोन वर्षं पोरं पोहतायत रे इथं," तो म्हणाला.

काही झालं नाही, दादा, मी म्हणालो. ते त्याला ऐकूच गेलं नाही.

मग त्यानं मला प्रत्येक बोर्ड उघडायला लावला. टॅग मी वाचायचे, रंग मी सांगायचा. तो स्वतः वाचायला तयार नव्हता. सगळं बरोबर निघालं. तसं सांगितल्यावर म्हणाला, परत बघ. परत बघितलं. दुपारचं जेवण खानावळीत झाकून ठेवलं होतं, ते गार झालं.

शेवटचा स्क्रू मी आवळला तेव्हा तो म्हणाला, "इथून पुढं मला पॅनेल उघडू देऊ नकोस. मी मागेन. भांडेन तुझ्याशी. मी काहीही बोललो तरी देऊ नकोस."

मी हो म्हणालो. वहिनीला घरी आल्यावर काय सांगायचं ते मला कळेना. तिनं विचारलं, सापडलं का? दादाच म्हणाला, सापडलं, आणि आत जाऊन झोपला.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. जाताना मी एक छोटं कुलूप नेलं होतं, ते पोचल्यावर पॅनेलला लावलं. बोटीत बसल्यावर दादानं ते बघितलं आणि किल्ली मागितली. त्याला काही आठवत नव्हतं. वायरिंग एकदा तपासून बघतो म्हणाला. मी नको म्हणालो. त्याचा आवाज चढला. खानावळीतली माणसं वळून बघायला लागली. त्यानं सगळ्यांना सांगितलं, हे वायरिंग मी केलंय, एक टाका चुकलेला नाही, आणि हा, याला फ्यूज कळत नाही, हा मला माझ्या बोटीत कुलूप लावतो.

लोक माझ्याकडं बघत होते. मी किल्ली दिली नाही.