आत्याने लिहिलेले नाव

आई गेली तेव्हा सेलुवाया तीन वर्षांची होती. आता त्रेसष्टाव्या वर्षी आईचा चेहरा आठवू पाहिला, तर चेहऱ्याच्या जागी नुसता नारळाच्या तेलाचा वास यायचा.

टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या तिच्या घरी बिस्किटांच्या डब्यात जुने फोटो होते. ऑकलंड-सिडनीला पांगलेल्या नातलगांसाठी ती एकेक फोटो मोबाईलमध्ये उतरवून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत असे. त्यांत एक दमटपणाने अर्धा खाल्लेला निघाला : चटईवर बसलेली तरुण बाई. आई, की पेली मावशी? सेलुवायाने खाली अंदाजाने 'माझी आई' असे लिहिले आणि कोणी चूक दाखवील म्हणून वाट पाहिली.

चूक कोण दाखवणार? ती पाच भावांची एकुलती बहीण; आणि टोंगात आत्याचा शब्द भाच्यांनी खोडायचा नसतो. थोरल्या भावाचा मुलगा सिओसाइया आत्याहून पाच वर्षांनी मोठा. आजीला पाहिलेला आता तोच काय तो उरलेला. त्याने तर आजीच्या कबरीवर उभारायला त्या फोटोचा फलकच छापायला टाकला. सेलुवायाने घाबरून फोन लावला.

"सिओसाइया, तू तिच्या मांडीवर खेळलायस. खरं सांग, ही तीच ना?"

"तुम्ही लिहिलंय ना आत्या, मग तीच."

"अरे, मी अंदाजानं लिहिलं!"

"तुमचा अंदाज म्हणजे आम्हाला बायबलच."

"गाढवा! मला आता वाटतंय, पेली मावशी असावी."

"हो हो, पेली आजीच. नाक बघा ना."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही आई लिहिलं होतंत."

"आणि मी पुन्हा आईच म्हटलं, तर?"

"तर आजीचंच नाक. छापणाऱ्याला थांबवू का, तेवढं सांगा."

"थांबव," सेलुवाया म्हणाली.

तिने फोटो मोठा करून पाहिला. नाक ओळखीचे वाटत होते. पण ते आठवत होते, की आठ दिवस पाहून पाहून ओळखीचे झाले होते, हे तिला उमगेना. शेवटी आधीचे शब्द पुसून तिने लिहिले, 'ही कोण, मला माहीत नाही.'

थोड्याच वेळात अकरा भाच्यांची उत्तरे आली. 'अगदी बरोबर, आत्या.'