कोळशाच्या रेघा

मोह फुलायला लागला की अजूनही मला पहाटेच जाग येते. मी भद्रावतीच्या वसाहतीत वाढलेली. मोह कसा वेचतात हे मला गडचिरोलीकडच्या एका गोंड बाईंनी शिकवलं. संशोधनासाठी मी दोन हंगाम त्यांच्या घरी राहिले. रोज किती मोह वेचला जातो ते मोजायचं, एवढंच काम. मी नसले की बाई दर टोपलीला एक रेघ कोळशानं भिंतीवर ओढायच्या, रोजची ओळ वेगळी. माझी थट्टा करायची मात्र सोडायच्या नाहीत. "पोरी, तुह्याच्यानं टोपली नाई उचलत, वहीच उचलून राह्यली!" काय हसायचो आम्ही!

पहिल्याच हंगामात चुलतबहिणीच्या लग्नाला मी घरी गेले. परत येऊन पाहते तर तीन दिवसांची जागा कोरी. विसरल्या असतील, म्हणून मी वहीत अंदाजानं आकडे टाकले. बाईंना साधं विचारलंही नाही. शिकल्यासवरल्याचा माज, दुसरं काय! मग चटकच लागली. पुढच्या हंगामातही जिथे रिकामं दिसलं तिथे भरत गेले. शोधनिबंध छापून आला, माझ्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले, मला कॉलेजात नोकरी लागली.

काही वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यांवर शंका घेतली आणि चौकशी समिती बसली. सर म्हणाले, "बाई रेघा मारायला विसरायची, म्हणून आकडे चुकले असं सांग. अडाणी बाई, तिचं काय जाणार आहे?" खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली.

समिती गावात आली तर भिंत तशीच! दर दिवाळीला बाईंनी सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारलं होतं, तेवढी एक भिंत सोडून. समितीतल्या एकांनी कोरी जागा दाखवून विचारलं, "इथे विसरलात का?"

"विसरन काऊन?" बाई तडकल्या. "तवा गावात पंडुम होता, आमचा सण. मोहाले कोणी हात नाई लावत. वेचलंच नाई, त मी रेघ कायची ओढू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग ना व पोरी, मी कधी विसरली का?"

सर माझ्याकडे रोखून पाहत होते.

"बाई कधीच विसरल्या नाहीत," मी म्हणाले. "आकडे मी भरले. मनाचे."

शोधनिबंध मागे घेतला, पत्र मी स्वतः लिहिलं. सर अजून बोलत नाहीत. माझी बढती गेली ती गेलीच. पण खरं सांगते, जीव तुटतो तो त्या पहाटांसाठी. झाडाखाली ओली फुलं, हाताला त्यांचा गोड वास, आणि मागून बाईंची अखंड बडबड.

यंदा त्यांना भेटायला गेले. छापलेलं सगळं रद्द झालं, हे एकदाचं सांगून टाकलं. बाईंनी चहा ठेवला. रागावल्या नाहीत की काही नाही. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "तुह्या कामाची होती म्हणून ठेवली होती. आता पोतारली त चालन ना?"