आत्याची लग्नाची पाकिटं

बालाघाटात लाज औषधालाही नसलेली एकच बाई आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. गुप्तरोग, पाळी, निरोध, बाईचा नवऱ्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क, हे सगळे विषय लोक दार लावून कुजबुजतात. आत्या ते भर पंगतीत, कढी वाढता वाढता खणखणीत आवाजात बोलते. भरवेलीच्या खाण कामगारांच्या वस्तीत ती आयुष्यभर हेच सांगत फिरली. एकदा तिने चौकात एका मोटारसायकलवाल्याला थांबवलं. "हेल्मेट घालून राह्यला, लय चांगलं केलं बापू. घरीबी अशीच काळजी घेत जाय!" मागे त्याची सासू बसली होती. मी पानठेल्यामागे दडलो.

बायका तिची या विषयांवरची माहितीपत्रकं घरी न्यायला घाबरत. म्हणून आत्या ती लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून देऊ लागली. युक्ती बिनतोड होती. फक्त रामपायलीच्या एका घरी खरंच लग्न निघालं होतं. सुनेच्या पेटीत पाकीट दिसताच सासूबाईंना वाटलं, छापखान्यातून पत्रिका आल्या. त्यांनी रिवाजाप्रमाणे पहिली गणपतीपुढे ठेवली, अक्षता वाहिल्या आणि मग चष्मा लावून मुहूर्त शोधायला बसल्या. आत निरोध वापरण्याची सचित्र कृती होती. त्या तणतणत आल्या, तर आत्या म्हणते, "देवानं वाचलं, आता तुमीबी वाचा!"

परवा एका अभिलेखागारातून एक मुलगी आत्याचे कागद जतन करण्यासाठी न्यायला आली. गंभीर चेहरा, हातांत पांढरे हातमोजे. तिने पत्रव्यवहार, भित्तिपत्रकं नीट लावली आणि पाकिटांचा ढीग रद्दीत सारला. "अवं बाई, तेच तं माहे कागद हायेत!" आत्या कडाडली. मुलगी ओशाळली आणि तिने पाकिटंही खोक्यात भरली. मग तिने नियम सांगितले: सगळं कुलपात राहील, फक्त अभ्यासकांना परवानगीने पाहता येईल.

आत्याचा चेहरा उतरला. "जिले लागते तिले भेटणार नाई, तं जपून ठेवता काहून?" घरात वाळवी लागली होती, म्हणून तिने सही केली आणि पलंगावर जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं.

जीप भरून झाली. हातमोजे काढून ती मुलगी एकटीच परत आत आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्या, एक लिफाफा मी ठेवू का? बहिणीसाठी पायजे होता."

कुठली बहीण, काय झालं, आत्याने काहीच विचारलं नाही. उठून जीपपाशी गेली, खोक्यातलं एक पाकीट काढलं, पदराने पुसून तिच्या हातात दिलं. "घे माय. अन् काई विचारायचं असंल तं बहिणीले म्हण, सरळ माह्या घरी ये."

इतक्या हळू आवाजात बोलताना मी आत्याला पहिल्यांदाच ऐकलं.