पिवळ्या पावडरीचं माप

शेठ मला घरचा माणूस म्हणायचे. "तुं तो मारा घरनो माणस छे," असं चारचौघांत म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. आजही वाटतं. म्हणूनच हे लिहिणं अवघड जातंय.

सातवीनंतर शाळा सोडून मी खानदेशातून सुरतेला आलो आणि तीन वर्षं लूमवर काढली. तिसऱ्या वर्षी खोकला मागे लागला. सुताची तुसं छातीत बसली, असं सगळे म्हणायचे, पण सुटी मागायची माझी हिंमत नव्हती. गावाकडे परत जावं लागेल या भीतीने मी तोंडात रुमाल कोंबून खोकायचो. हे शेठ आमच्या लूमच्या मालकाचे साडू. एकदा ते कारखान्यात आले, माझा खोकला ऐकला आणि म्हणाले, "आ छोकराने मने आपी दो." हा पोरगा मला द्या. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला स्वतःच्या डॉक्टरकडे नेलं. परमुलखात आपल्या खोकल्याची कुणी दखल घेतं, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

त्यांची शेड भेस्तानला होती. प्लेग येऊन गेला त्याच्या पुढचं ते वर्ष. लोक अजून घाबरलेलेच होते, आणि ताकदीच्या नावाने काहीही खपत होतं. आम्ही लहान मुलांची पावडर बनवायचो, दुधात किंवा पाण्यात कालवून द्यायची. भाजलेलं गव्हाचं पीठ, माल्ट, साखर, कोको, थोडी दुधाची भुकटी. हे सगळं एका फिरत्या ड्रममध्ये टाकायचं. शेवटी मुंबईहून निळ्या पिंपातून येणारी पिवळी पावडर टाकायची. जीवनसत्त्वं, लोह, जे जे डब्यावर छापलेलं होतं ते सगळं त्या पिवळ्या पावडरीत. एका घाण्याला एक माप. माप म्हणजे मूठ तुटलेला स्टीलचा एक मग. तो सपाट भरायचा आणि वरचं अंगठ्याने सारायचं. शेडमध्ये वाचता येणारा मी एकटा, म्हणून माप माझ्याकडे आलं. मला त्याचा केवढा अभिमान!

त्या पावडरीने हात पिवळे व्हायचे, साबणानेही जात नसत. डब्यांना झाकणं लावायला अकोल्याकडच्या एक मावशी होत्या. त्या रोज विचारायच्या, "काऊन रे, हळद लागली काय हाताले? कधी हाये लग्न?"

"तुम्हीच पोरगी बघा मावशी."

"पाहतो ना. पण तिले सांगन का, नवरदेव बारमाही हळदीचा हाये."

चेपलेले डबे बाजारात जात नसत. ते शेठ आम्हाला वाटून टाकायचे. त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाताना मी असे चार डबे नेले. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. माझी मोठी बहीण आली होती, तिची दोन वर्षांची मुलगी कडेवर. पोरगी किरकोळ, पण डोळ्यांत चमक होती, दिवसभर झोक्याभोवती दुडुदुडु फिरायची.

ताईला चौथीतून काढलं होतं, घरी कामाला. मी सातवीपर्यंत गेलो तो तिच्या जिवावर, आणि तिला अक्षरं लावून लावूनच वाचता यायची. तिने डबा हातात घेतला. वर गुबगुबीत बाळाचं चित्र. म्हणाली, "काय लिखेल शे, वाची दखाड."

मी ऐटीत वाचलं. दोन चमचे, दिवसातून दोन वेळा. मग मोठ्या अक्षरांतलं वाचलं, 'संपूर्ण पोषण'.

"संपूर्ण म्हंजे काय रे भाऊ?"

"म्हंजे यामा बठ्ठं उनं," मी म्हणालो. यात सगळं आलं.

आपण जे रोज हाताने बनवतो त्याबद्दल बहीण विचारते आहे आणि आपल्याला उत्तर येतंय, या आनंदात मी होतो. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. ते मी वाचलं नाही. इतक्या दिवसांत कधीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर उधना स्टेशनवरून गावाकडे जाणारं कुणी भेटलं की मी त्याच्याबरोबर ताईसाठी दोन डबे धाडायचो. निरोप यायचा, पोर आवडीने पिते. मला बरं वाटायचं.

आषाढात पिवळी पावडर यायची थांबली. निळं पिंप खरवडून संपलं. मी शेठना विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, आठवड्यात येईल, तोवर काम थांबवायचं नाही, स्वादात काही फरक पडत नाही. स्वादात खरंच काही फरक नव्हता. आठवडा गेला, महिना गेला. ड्रम फिरत राहिला, डब्यावरचा कागद तोच राहिला. माझे हात हळूहळू पांढरे पडले.

"हळद उतरली रे," मावशी म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

मी शेठना परत विचारलं का? नाही. मनात दहा वेळा वाक्य जुळवलं. पण समोर गेलो की तो स्कूटरचा दिवस आठवायचा, आणि त्याच्या मागोमाग लूम आठवायचा. ज्यांनी आपल्याला उचललं त्यांना हिशेब कसा विचारायचा? असं मी स्वतःला सांगायचो. त्यात कृतज्ञता किती आणि भीती किती, हे तेव्हा मी वेगळं करून पाहिलं नाही.

श्रावणात तपासणीला एक साहेब आले. भला माणूस होता. चहा नको म्हणाला. डबा उलटसुलट करून बघितला आणि शेठना हिंदीत म्हणाला, "हे औषध आहे की खाणं? औषध असेल तर दुसरे साहेब येतात. खाणं असेल तर मी."

शेठ म्हणाले, "साहेब, ताकत छे."

"ताकदीचं खातं अजून निघालेलं नाही," साहेब म्हणाला, आणि मावशी पदराआड हसल्या. मग तो म्हणाला, "वर लिहिता औषधासारखं आणि विकता पिठासारखं. आम्ही तरी काय काय बघायचं?" आणि मग त्याने विचारलं, "मिक्सिंग कोण करतं?"

शेठनी माझ्याकडे बोट केलं. साहेब माझ्याजवळ आला. दबाव नाही, आवाज चढवलेला नाही. "भाई, व्हिटॅमिन किती टाकतोस?"

"एका घाण्याला एक माप, साहेब."

"रोज?"

शेठ मागे उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, डोळेही वटारले नाहीत. माझी मान आपोआप हलली. "रोज."

साहेबाने ते लिहून घेतलं, दोन डबे नमुन्याला नेले. त्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही. तो गेल्यावर मावशी माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याले काय माहीत, तुहे हात पाहाले पाह्यजे होते म्हणून."

त्या संध्याकाळी शेठनी मला नवीन शर्टाचं कापड दिलं. मी ते घेतलं. त्याचा शर्ट शिवून घातलाही, दिवाळीला गावी जाताना.

गावी पोचल्यावर आधी ताईच्या सासरी गेलो. ती दारातच म्हणाली, "किती वाळी गया रे तू!" मी हसलो आणि पोरीला शोधू लागलो. ती ओट्यावर बसली होती. नुसती बसलेली. मी डबा वाजवला, हाक मारली, तिने मान वळवली नाही. गाल फुगलेले होते, म्हणून आधी वाटलं, तब्येत धरली. मग पाय दिसले. सुजून चकाकत होते. केस तांबूस आणि विरळ झाले होते. मी नवीन सँडल आणल्या होत्या. पट्टा लावायला गेलो तर बंदच होईना. बोटाने पाय दाबला तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पोर जेवते ना?" मी विचारलं.

"डबा पिस ना! पिनी का भाकरीकडे दखतच नही."

"आणि दूध?"

ताईला माझा प्रश्नच कळेना. त्यांच्याकडे एक गाय होती. "तुना डबा शे ना, मंग दूध कसाले? डेअरीले घाली देस मी." तुझा डबा आहे, मग दूध कशाला. तिने ते अगदी सरळ सांगितलं. बरोबरच होतं तिचं. ज्यात सगळं आलं ते पोरीला मिळत होतं, तेही पाण्यात कालवून. मग वर दूध, डाळ, अंडं हवं कशाला?

तालुक्याच्या गावी एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोरीला तपासलं आणि काय खायला देता ते विचारलं. ताईने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. दाखवायला म्हणून तिने तो खास बरोबर घेतला होता. "मना भाऊ बनाडस, डाक्टरबाई. सुरतले."

डॉक्टरबाईंनी डबा फिरवून खालचं बारीक वाचलं. ताईला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे जेवणाच्या जोडीला असतं बाई, जेवणाच्या जागी नसतं. नीट जेवणाऱ्या धडधाकट पोराला याची गरजही नसते. अंगात एखादी गोष्ट कमी आहे का, ते आमच्यासारख्याने बघून सांगावं, आणि तेवढीच द्यावी. तुम्हाला कोणी सांगितलं यात सगळं आहे म्हणून?"

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता. उत्तर शिकलेल्या भावाने द्यावं, एवढंच होतं. मी पोरीच्या सँडलचा पट्टा हातात धरून बसलो.

पोर वाचली. हळूहळू दूध, मुगाचं पाणी, मग अंडं, शेंगदाण्याचा कूट. होळीपर्यंत सूज उतरली आणि ती परत दुडुदुडु फिरायला लागली. ताई गावभर सांगत सुटली, "मनी पोरले मना भाऊनी वाचाडं." भाऊ दिवाळीला आला, भावाने दवाखान्यात नेलं. लोक मला मान द्यायला लागले. मी तो मानही घेतला, शर्टाच्या कापडासारखाच.

पिवळी पावडर पुढे आली, पुन्हा थांबली. दीडेक वर्षाने शेठनी शेड बंद केली आणि भरतकामाची मशीनं घातली. मला त्यांनी तिथेही घेतलं. शेठ गेले तेव्हा मी खांदा दिला.

मी खूप विचार केला आहे यावर. डॉक्टरबाई म्हणाल्या त्यावरून कळतं की मापभर पिवळी पावडर असती तरी पोर सुजलीच असती, कारण चुकलं होतं ते दुधाचं. पण मी पाठवलेल्या डब्यांच्या बरोबरीने कितीतरी डबे कुठल्या कुठल्या घरांत गेले. तिथल्या कुठल्या पोराला डॉक्टरने खरंच लोह दे म्हणून सांगितलं असेल, आणि आईने आमचा डबा आणला असेल, त्याचं काय? त्या साहेबाचं खातं हवंच. औषधाचं कुठलं, खाण्याचं कुठलं, हे सरकारने ठरवायलाच हवं, आणि डबा बाजारात जाण्याआधी तो कुणीतरी फोडून बघायला हवा. पण साहेब आला होता. नेमका प्रश्न नेमक्या माणसाला विचारूनही गेला होता.

परवा ताई सुरतेला आली. ती पोर, माझी भाची, आता भेस्तानलाच राहते. तिचं बाळ वर्षाचं झालं. भाची ताईपेक्षा चार बोटं बुटकी आहे, आणि त्यावर स्वतःच हसते: "मामा, आमच्या घरात मी आणि तुळस एका उंचीच्या." मी तिच्या त्या विनोदाला कधी हसू शकलेलो नाही.

भाचीच्या घरी बसलो असताना ताईने पिशवीतून दुकानातला एक चकचकीत डबा काढला. नातवासाठी. माझ्या हातात देऊन म्हणाली, "काय लिखेल शे, वाची दखाड."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणालो, "ताई, त्या वेळी मी पुरं वाचलं नव्हतं."

ती म्हणाली, "मंग आते पुरं वाच."

मी वाचलं. मोठी अक्षरं, मग लहान, मग सगळ्यात खालची. रोजच्या आहाराला पर्याय नाही, हेही वाचलं. आत काय काय आहे त्याची यादी वाचली. लोह, जस्त, जीवनसत्त्वं, एकेक. ताई डब्यावर बोट ठेवून ऐकत होती. भाची बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

यादी संपल्यावर ताईने विचारलं, "हाई बठ्ठं टाकतस ना रे त्या?"

"हे टाकतात का, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी टाकत नव्हतो. तुझ्या पोरीच्या वेळी पिवळी पावडर संपली होती, आणि तपासणीच्या साहेबाने विचारलं तेव्हा मी टाकतो म्हणालो."

भाची माझ्याकडे बघत होती, ताई डब्याकडे. मग ताईने डबा माझ्या हातातून घेतला, पिशवीत परत ठेवला आणि गाठ मारली. उठून स्वयंपाकघरात गेली. कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती वाटीत डाळभात कुस्करत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता बाळापुढे बसली.