बसून दाखवणारा माणूस

आपल्या इमारतीतल्या गॅरंटीने वजन कमी करायच्या दवाखान्यातली खुर्ची बसल्या क्षणी मोडली आणि भरपाई म्हणून आता त्याला तिथेच पोट कापून घ्यावं लागणार, ही बातमी सकाळी तळमजल्यावरून निघाली आणि दुपारी गच्चीवर पोचली. वाटेत प्रत्येक मजल्याने तिला आपापलं तिखटमीठ लावलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींपाशी ती आली, तेव्हा खुर्चीचा सोफा झाला होता आणि सोफ्याखालून एका कंपाउंडरला ओढून काढावं लागलं होतं.

खरं सांगायचं तर गॅरंटी त्या खुर्चीवर बसलाच नव्हता. त्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा हलवून पाहिलं, मागचा पाय खोबणीतून सुटत आलाय हे त्याच्या लक्षात आलं, आणि आपला नंबर येईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला. निघताना काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, “ताई, ती कडेची खुर्ची आत ठेवा. कुणीतरी पडेल.”

“तुम्हाला हो कसं कळलं?”

“खुर्च्या दुरुस्त करायचंच दुकान आहे आमचं.”

झालं. दवाखान्याने सगळ्याच खुर्च्या टेम्पोत भरून दुकानात पाठवल्या. दुकान आपल्याच इमारतीच्या पुढच्या अंगाला. टेम्पोतून एकेक रुंद खुर्ची उतरताना तळमजल्याने पाहिली, आणि पुढचं काम तळमजल्याने केलं.

दुकान गॅरंटीच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं. दादा असा काडीसारखा, की वारा सुटला की लोक त्याला दुकानाच्या आत उभं राहायला सांगतात. धाकटा दादाच्या तिप्पट. दोघांना शेजारी पाहिलं की देवाने एकाच कापडात दोघांचे शर्ट बेतले आणि कात्री भलतीकडे गेली असं वाटतं. पण दुकानाचं नाव झालं ते धाकट्यामुळे. गिऱ्हाईक दुरुस्त झालेली खुर्ची न्यायला आलं, की दादा मागे तोंड करून म्हणतो, “ये रे.” मग हा मागच्या खोलीतून येतो. फडक्याने बैठक पुसतो, पाठ फिरवतो आणि अंग सोडून देतो. मग डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, मागे रेलतो. खुर्चीने कुरकुर केली नाही की दादा म्हणतो, “न्या बिनघोर.” यात धाकट्याने एक अक्षर बोलायचं नसतं. अशाच एका गिऱ्हाइकाने हसत हसत त्याला गॅरंटी म्हटलं, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की बायकोच्या माहेरचेही आता फोनवर “गॅरंटी आहेत का?” असं विचारतात.

पूर्वी हा नुसता बसणारा माणूस नव्हता. स्प्रिंगा बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते काम जमिनीवरचं. खुर्ची उलटी करायची, तिच्यापाशी मांडी घालायची, तोंडात बारीक खिळे धरायचे आणि हातोडी चालवायची. गुडघे बोलायला लागले, तसा तो मांडीवरून पाटावर आला, पाटावरून स्टुलावर आला. एकदा स्टुलावरून उठतानाही दोघांना त्याला धरावं लागलं, तेव्हा दादा म्हणाला, “राहू दे. तू नुसता बस.” मायेनेच म्हणाला. पण त्यानंतर हा खरंच नुसता बसला.

वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “काय माहीत.” जेवण झालं की पोट भरलं का, हेही त्याला कळत नसे. ताट रिकामं झालं की जेवण झालं. कुणी वाढलं तर अजून झालं नाही. राग, हौस, भूक, सगळं कुठेतरी जाड फोमखाली दाबून बसवल्यासारखं. बाहेरून दाबलं तर खाली जायचं आणि हात काढला की पुन्हा जैसे थे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदावर पोट काढून दाखवलं. मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेली नळी केळ्याएवढी ठेवायची.

“आतून शिवता का?” त्याने विचारलं.

“पिनांची रांग मारतो.”

“उसवत नाही ना?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “क्वचित उसवते. म्हणून तर विचार करून या म्हणतेय. नंतरही थोडं थोडं खायचं, गोळ्या घ्यायच्या, तपासण्या करायच्या, हे जन्मभराचं आहे. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं पाहता मी करून घ्या म्हणेन. झोपेत श्वास अडकतो का तुमचा?”

“मी झोपलेला असतो. मला कसं कळणार?”

“घरच्यांना विचारा.”

तो बरं म्हणाला आणि विसरला. बाहेर खुर्च्या पाठवायचं ठरल्यावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, “तारीख राखून ठेवलीय. खुर्च्या पोचवायला याल तेव्हा हो की नाही ते सांगून टाका.” म्हणजे हा माणूस कापला जाणार की नाही, हे आता खुर्च्या कधी तयार होतात त्यावर आलं.

जिन्यात तर सल्ल्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी त्याला जिन्यातच अडवून गरम पाण्याचे फायदे सांगितले. तेवढं ऐकायला उभं राहून त्याचे पाय सुजले. समोरच्या काकूंनी कुणाच्या तरी चुलतभावाची गोष्ट सांगितली, जो ऑपरेशननंतर इतका बारीक झाला की बायकोने दार उघडलं नाही. तो सगळ्यांना “बघू” म्हणायचा. हे बघू म्हणजे हो नव्हे, नाही नव्हे, पळवाटही नव्हे. खरंच आत काही दिसत नव्हतं.

दादाने मात्र सरळ सांगितलं. “धडधाकट माणसाने स्वतःहून पोट फाडून घ्यायचं नसतं. आणि मला सांग, तू अर्धा झालास तर दुकानात तुझं करायचं काय?”

“बघू.”

बायकोला त्याने विचारलं, “तुला काय वाटतं?” ती दुकानात मागच्या खोलीत पायाच्या मशीनवर रेक्झिनची कव्हरं शिवते. तिने मान वर केली नाही.

“तुमचं पोट, तुम्ही ठरवा. मी सांगितलं तर पुढे काहीही झालं तरी माझंच नाव.”

दवाखान्याच्या खुर्च्यांचं काम सुरू झालं. दादाने पाय पक्के केले, नवीन पट्टे ताणले. जुना फोम काढताना गॅरंटीने पाहिलं की सगळ्या बैठका पुढच्या कडेलाच खचल्या आहेत. मागचा भाग नवा कोरा. एवढ्या रुंद खुर्च्या मुद्दाम करून घेतल्या, आणि एकही माणूस त्यात मागे सरकून बसला नाही. सगळे कडेवर टेकले, उठून जायच्या तयारीत. त्याने ते पाहिलं आणि फोम कचऱ्याच्या पोत्यात टाकला. दुपारी नेहमीसारखा मागच्या खोलीत कोपऱ्यातल्या जुन्या आरामखुर्चीत त्याचा डोळा लागायचा. समोर बायकोची मशीन खडखडत असायची. त्याला ते ऐकूच यायचं नाही.

खुर्च्या तयार झाल्या. पोचवायच्या दिवशी टेम्पो यायच्या आधी तो एकेका खुर्चीवर बसून घेत होता. डावीकडे, उजवीकडे, मागे. एकही कुरकुरली नाही. शेवटच्या खुर्चीवरून उठताना त्याचा हात कडेच्या शिवणीवर टेकला आणि तिथेच राहिला.

बायकोची शिवण म्हणजे पट्टी लावून मारलेली रेघ. पण इथे रेघ थांबली होती. थांबून दोन टाके मागे येऊन पुन्हा पुढे गेली होती. वीतभर पुढे पुन्हा तेच. मग पुन्हा. त्याने दुसरी खुर्ची पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांना तेच.

“मशीन बिघडलीय का?”

“नाही,” बायको म्हणाली.

“मग हे काय आहे? दवाखानावाले म्हणतील, शिकाऊ बाईकडून शिवून घेतलं.”

तिने दोरा दातांनी तोडला. “बाई शिकाऊ नाही. बाईचा नवरा समोर झोपलेला असतो.”

“झोपलो तर झोपलो. तुझ्या पायाला काय होतं?”

“तुमचा श्वास अडकतो. मधेच घोरणं बंद होतं आणि काहीच ऐकू येत नाही. मग माझा पाय थांबतो. तुम्ही गचका देऊन श्वास घेतलात की पाय पुन्हा चालतो. आणि थांबून सुरू केलं की दोन टाके मागे घ्यायची माझी सवय आहे, नाहीतर शिवण सुटते.” ती दोऱ्याचं रीळ फिरवत राहिली. “मुद्दाम नाही करत मी. पायच थांबतो.”

“कधीपासून?”

“दंतवैद्याचा सोफा आला होता ना, तेव्हापासून.”

दंतवैद्याचा सोफा त्याला आठवत होता. हिरवा. त्यानंतर कितीतरी बैठका या दुकानातून गेल्या होत्या, शाळेच्या, बँकेच्या, न्हाव्याच्या. त्या सगळ्यांवर लोक आत्ता कुठे कुठे बसले असतील.

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? आणि मी बोलले असते, तर तुम्ही माझ्यासाठी म्हणून कापून घेतलं असतं. काही कमीजास्त झालं असतं तर मी कुणाकडे बघितलं असतं?”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. आत काही हललं असेल तर ते त्यालाही कळलं नाही. अंगठा तेवढा त्या दुहेरी टाक्यांवरून पुढे मागे जात राहिला. मग तो मागे सरकला, अगदी पाठीला पाठ लागेपर्यंत, आणि तसाच बसून राहिला.

“उसवून पुन्हा घालू का शिवण?” तिने विचारलं.

“राहू दे. पक्की आहे ती.”

टेम्पो आला. दादा खुर्च्यांवर दोरी आवळत होता. “जाऊन ये, आणि त्यांना नाही म्हणून सांगून टाक.”

“हो म्हणून सांगणार आहे.”

दादाने मारलेली गाठ सोडली, पुन्हा मारली. “आणि आत उसवलं तर?”

“क्वचित उसवतं म्हणाल्या.”

“क्वचित म्हणजे किती?”

“आपल्याकडून उसवतं तेवढं असेल.”

“आपल्याकडून गेल्या खेपेला त्या वकिलाचा अख्खा दिवाण उसवला होता.”  दादाने दोरीचं टोक उगाच दोनदा झटकलं. दादाला भीती वाटते हे इमारतीत कुणालाच माहीत नाही. मग तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, “ते सगळं ठीक. पण उद्या गिऱ्हाइकापुढे खुर्चीवर बसणार कोण? मी बसलो तर तिला पत्तासुद्धा लागत नाही.”

गॅरंटी टेम्पोचा दांडा धरून हळूहळू वर चढला, ड्रायव्हरशेजारी बसला आणि काचेतून म्हणाला,

“वाळूचं पोतं बसव, दादा. त्याला श्वास नसतो, मशीन थांबायची नाही.”